कॉफीचे वैरी आणि त्यांचे वैरी

बेळगावाहून दक्षिणेची वाट धरून सह्याद्रीच्या अंगाअंगाने जाऊ लागले, म्हणजे पुढे चिकमगळूर, हासन आणि कोडगू हे तीन डोंगराळ जिल्हे लागतात. भारतात पिकणाऱ्या कॉफीपैकी निम्म्याहून अधिक कॉफी या तीन जिल्ह्यांतून येते. वर फणस, उंबर, सिल्व्हर ओक यांची सावली, त्यांच्या खोडांना बिलगलेले मिरीचे वेल आणि खाली गर्द हिरव्या पानांची कॉफीची झुडुपे, असा तेथील मळ्यांचा थाट असतो. मार्च-एप्रिलमध्ये वळवाची पहिली सर आली, की आठ-दहा दिवसांत ही झुडुपे पांढऱ्याशुभ्र फुलांनी लहडून जातात. पाहणाराला वाटावे, येथे शांतीवाचून दुसरे काही नांदत नसेल. प्रत्यक्षात मात्र या सावलीत बारा महिने युद्ध चालू असते. पानांच्या बेचक्यांत, खोडाच्या सालीखाली, फळाच्या गाभ्यात ते चालते आणि त्यातील योद्धे बहुधा तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतात.

किडीचा नाश करावयाचा म्हणजे विषारी औषध फवारावयाचे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अगदीच खोटी नाही. परंतु अपुरी आहे. झाडाचा रस शोषणारा किंवा फळ पोखरणारा जो जो कीटक सृष्टीत आहे, त्या त्या कीटकावर उपजीविका करणारे दुसरे जीवही सृष्टीत असतातच. काही त्याला सरळ खाऊन टाकतात, ते भक्षक. काही त्याच्या अंगात आपली अंडी घालतात आणि त्यांची पिले त्याला आतून पोखरून मोठी होतात, ते परोपजीवी. काही बुरशीसारखे जीव त्याला रोग जडवितात. एरव्ही या साऱ्यांमुळेच किडींची संख्या आटोक्यात राहते. जेथे हा तोल बिघडला असेल तेथे माणसाने योग्य तो जीव आणून सोडावा आणि तोल पुन्हा सावरावा, यास जैविक कीडनियंत्रण म्हणतात. वैऱ्याच्या वैऱ्याला मित्र करावयाचे, ही नीती राजकारणात जुनीच आहे. शेतीत ती वापरताना मात्र एक अट कसोशीने पाळावी लागते. वैरी कोण, हे प्रथम नक्की ठाऊक असावे लागते. या अटीचे महत्त्व कॉफीच्या इतिहासाने जितके पटवून दिले, तितके क्वचितच दुसऱ्या पिकाने दिले असेल.

या शास्त्राचा पहिला मोठा विजय संत्र्यामोसंब्यांच्या बागेतला. कॅलिफोर्नियातील या बागांवर ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका खवले किडीने धाड घातली होती. तेव्हा १८८८ साली आल्बर्ट कोबेले या कीटकशास्त्रज्ञास ऑस्ट्रेलियास पाठविण्यात आले आणि त्याने तेथून एक लाल-काळा, वाटाण्याहूनही लहान ढालकिडा पाठविला. थोड्याच काळात त्या ढालकिड्याने बागा स्वच्छ करून टाकल्या. ही वार्ता जगभर पसरली आणि जेथे जेथे खवले कीड होती तेथे तेथे ऑस्ट्रेलियन ढालकिड्यांना मागणी येऊ लागली.

भारतातील कॉफीच्या मळ्यांतही ती आली. दक्षिणेतील कॉफीला त्या वेळी हिरव्या खवले किडीने ग्रासले होते. ती मोडून काढण्यासाठी १८९८ साली एच. ओ. न्यूपोर्ट यांनी ऑस्ट्रेलियातून क्रिप्टोलीमस नावाचा ढालकिडा आणविला. त्याचे अंग काळपट आणि डोके व पार्श्वभाग तांबूस असतो. परंतु हिरव्या खवले किडीकडे या पाहुण्याने फारसे लक्षच दिले नाही. ज्या कामासाठी त्याला बोलाविले होते ते त्याच्या हातून झाले नाही आणि प्रयोग फसला असे मानले गेले. पुढे काही वर्षांनी ध्यानात आले, की दक्षिणेच्या डोंगरांत काही ठिकाणी तो टिकून राहिला आहे आणि तेथे तो पिठ्या ढेकूण खाऊन जगत आहे. अंगावर पीठ भुरभुरावे तसा पांढरा मेणचट थर वागविणारा हा मऊ कीटक म्हणजेच क्रिप्टोलीमसचे खरे अन्न होते.

या ढालकिड्याची एक गंमत सांगण्याजोगी आहे. त्याच्या अळीच्या अंगावरही पांढरे मेणचट धागे असतात, त्यामुळे ती हुबेहूब मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते. अजाण शेतकरी तिला कीड समजून चिरडून टाकतो आणि आपल्याच पक्षाचा शिपाई गमावतो. आज प्रयोगशाळांत या ढालकिड्याची पैदास चक्क लाल भोपळ्यांवर होते. पिकलेल्या भोपळ्यावर आधी पिठ्या ढेकूण वाढवितात, भोपळा पांढराफटक झाला की त्यावर ढालकिडे सोडतात. कॉफीसाठी आलेल्या या पाहुण्याची शिफारस आज महाराष्ट्रातील द्राक्षबागांतही पिठ्या ढेकणासाठी केली जाते. सव्वाशे वर्षांपूर्वीचा फसलेला प्रयोग असा वेगळ्याच ठिकाणी फळाला आला. पण त्यात योजनेपेक्षा योगाचा वाटा मोठा होता.

योगावर न विसंबता केलेले काम कसे असते, हे पाहावयाचे तर पूर्व आफ्रिकेतील केनियाकडे वळले पाहिजे.

१९२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत केनियाच्या उंच पठारावरील कॉफीच्या मळ्यांत पिठ्या ढेकणाने अकस्मात थैमान मांडले. फांद्यांच्या पेरांत आणि फळांच्या घोसांत पांढरे पुंजके दिसू लागले. ढेकणाच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट द्रवावर काळी बुरशी चढली, पाने काजळली आणि फळे गळू लागली. त्या काळी तेथील कॉफीची लागवड बहुतांशी युरोपीय वसाहतवाल्यांच्या हाती होती. परंतु ही कीड कॉफीवरच थांबली नाही. आफ्रिकी शेतकऱ्यांच्या तुरीवर, कोनफळांवर, रताळ्यांवरही ती पसरली. म्हणजे एकाचे नगदी पीक आणि दुसऱ्याच्या तोंडचा घास, दोन्हींवर तिने एकदमच हात घातला.

पहिला उपाय सुचला तो मुंग्यांचा. पिठ्या ढेकूण आणि मुंग्या यांचे सख्य फार जुने आहे. ढेकणाचा गोड पाझर मुंग्या चाटतात आणि त्या मोबदल्यात त्याच्यावर चालून येणाऱ्या भक्षकांना पिटाळून लावतात. गवळ्याने गाई राखाव्या तशा त्या ढेकूण राखतात म्हणावयास हरकत नाही. म्हणून मळेवाल्यांनी झाडांच्या बुंध्यांना चिकट पट्टे बांधले आणि जमिनीला टेकणाऱ्या फांद्या छाटल्या, जेणेकरून मुंग्यांना वर चढता येऊ नये. या पट्ट्यांनी पुष्कळ मळे तगले, परंतु हजारो झाडांना पट्टे बांधावयाचे, ते वेळोवेळी नवे करावयाचे, हा खर्च आणि ही मेहनत काही थोडी नव्हती. शिवाय रोग तसाच राहिला. पथ्य मात्र वाढले.

तेव्हा मित्रकीटकांचा शोध सुरू झाला आणि येथेच सारी गाडी अडली. केनियातील हा ढेकूण प्रथम लिंबूवर्गीय झाडांवरील सुप्रसिद्ध पिठ्या ढेकूण आहे असे मानले गेले. साहजिकच त्या ढेकणाचे शत्रू जेथे मिळतात तेथून ते आणविण्यात आले. ते केनियात टिकले नाहीत. मग तज्ज्ञांचे मत बदलले आणि तो पौर्वात्य देशांतील दुसऱ्या एका जातीचा ढेकूण ठरला. त्याबरोबर शोधाचा रोख आशियाकडे वळला. तिकडून आणलेल्या परोपजीवींनीही या ढेकणाला आपले मानले नाही. अंडी घालावी तर ती रुजत नाहीत, रुजली तर पिढी पुढे चालत नाही, असा प्रकार होऊ लागला. खर्च झाला, वर्षे गेली आणि ढेकूण होता तेथेच राहिला.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. पिठ्या ढेकणांच्या जाती नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाहीत. कीटकाचे मेण आणि आतील मांस काढून टाकून, उरलेली कातडी रंगवून काचपट्टीवर बसवावी लागते. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली मेण स्रवणाऱ्या बारीक छिद्रांची रचना आणि संख्या तपासावी लागते, तेव्हा दोन जातींमधील भेद दिसतो. माणसाला हा भेद क्षुल्लक वाटेल. परंतु परोपजीवी माशीला तो क्षुल्लक नसतो. तिच्या पिलांना ठरावीक ढेकणाच्या शरीरातच वाढता येते. परक्या ढेकणाच्या अंगात घातलेल्या अंड्याभोवती त्याचे रक्त कवच चढविते आणि अंडे गुदमरून मरते.

आर. एच. ले पेली हे केनियात काम करणारे कीटकशास्त्रज्ञ. त्यांनी या ढेकणाची बारकाईने छाननी केली आणि १९३५ साली ती आजवर शास्त्राला अज्ञात असलेली स्वतंत्र जात असल्याचे दाखवून दिले. केनियावरूनच तिचे नाव ठेवण्यात आले. नाव बदलले त्याबरोबर सारा नकाशाच बदलला. ही जात लिंबूवर्गीय झाडांबरोबर दूरदेशाहून आलेली नव्हती, आशियातूनही आलेली नव्हती. ती आफ्रिकेचीच होती. मग तिचे माहेर जवळपासच असले पाहिजे. शोध घेता शेजारच्या युगांडात ती सापडली. तेथे ती कॉफीवर होती, पण कोणाच्या खिजगणतीत नव्हती, कारण तिच्या संख्येला तेथे आवर घालणारे जीव होते. ढेकूण सरहद्द ओलांडून केनियात आला होता, त्याचे वैरी मागे राहिले होते.

युगांडातून जे परोपजीवी गोळा करण्यात आले त्यांत अनागायरस नावाच्या कुळातील माश्या प्रमुख होत्या. ही गांधीलमाशीच्या गोत्रातील असली, तरी आकाराने चिलटाएवढी असते आणि माणसाला डसत नाही. मादी ढेकणाच्या अंगात अंडे घालते. आत अळी वाढत जाते. ढेकूण फुगून तपकिरी, कडक होतो आणि शेवटी त्याच्या पोकळ कातडीला भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. १९३८ साली या माश्या केनियात सोडण्यात आल्या. पुढील दशकभरात पिठ्या ढेकणाची दहशत बव्हंशी संपुष्टात आली. या साऱ्या खटाटोपास तीस हजार पौंडांहून अधिक खर्च आला नाही. उलट, १९५९ पर्यंत त्यापासून झालेला फायदा एक कोटी पौंडांच्या घरात गेल्याचा अंदाज त्या वेळी करण्यात आला होता. शिवाय माशीला मळ्याचे कुंपण कळत नाही. मळेवाल्याची कॉफी तिने राखली तशीच कुंपणापलीकडील शेतकऱ्याची तूरही राखली. औषध ज्याच्याजवळ पैसा आहे त्याच्याच शेतात पडते. मित्रकीटक एकदा रुजला, की तो गावाचा होतो.

भारतातही हाच धडा अलीकडे पुन्हा गिरविला गेला. २००८ साली कोइंबतूर भागात पपईवर एका नव्या पिठ्या ढेकणाचा प्रादुर्भाव आढळला आणि तो दक्षिणेत व महाराष्ट्रात झपाट्याने पसरला. येथे मात्र ओळख पटविण्यात वर्षे गेली नाहीत. तो मेक्सिको व मध्य अमेरिकेकडील ढेकूण असल्याचे कळले, त्याच्या परोपजीवी माश्याही ठाऊक होत्या आणि २०१० साली त्या भारतात आणून सोडण्यात आल्या. थोड्याच काळात पपईच्या बागा सावरल्या. केनियात जे काम सुमारे पंधरा वर्षांनी साधले ते येथे दोन वर्षांत साधले, याचे मुख्य कारण एकच: वैऱ्याचे नाव आधीच ठाऊक होते.

मिळविलेला मित्र राखणे हे मिळविण्याइतकेच अवघड असते. १९५० नंतरच्या काळात केनियातील मळ्यांत नवी, दीर्घकाळ टिकणारी कीटकनाशके आली. त्यांनी समोरची कीड मरत असे. परंतु पूर्वी कोणी दखलही न घेतलेल्या पाने पोखरणाऱ्या अळ्या आणि उंटअळ्या एकाएकी उपद्रव देऊ लागल्या. त्यांना आवर घालणारे परोपजीवी फवाऱ्यात मेले होते. किडीपेक्षा तिचा शत्रू विषाला अधिक लवकर बळी पडतो आणि तिच्यापेक्षा उशिरा सावरतो, हे तेथील मळेवाल्यांना तोटा सोसून शिकावे लागले.

येथवरच्या हकिकतीवरून कोणास वाटेल, की योग्य माशी आणली म्हणजे काम झाले. तसे असते तर कॉफीच्या मळेवाल्याला आज कसलीच चिंता उरली नसती. फळ पोखरणाऱ्या भुंग्याने हा भ्रम दूर केला आहे. हा काळा भुंगाही आफ्रिकेचाच. लांबी जेमतेम दीड मिलिमीटर. मादी हिरव्या फळाच्या शेंड्याकडील नाभीजवळ भोक पाडून आत शिरते आणि बीमध्येच अंडी घालते. पिले तेथेच वाढतात, भाऊबहिणींचे मीलन तेथेच होते. नराला उडता येत नाही. तो त्या एका फळातच जन्मतो आणि बहुधा तेथेच मरतो. बाहेर पडतात त्या माद्या, आणि पडतात त्या नव्या फळाकडे जाण्यासाठीच. कॅफीन हे वनस्पतीने कीटकांपासून बचाव करण्यासाठी घडविलेले विष. पण या भुंग्याच्या आतड्यातील जिवाणू ते विष पचवून टाकतात, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. ज्याचे सारे आयुष्य बीच्या आत जाते त्याच्यापर्यंत फवारा पोहोचणार तरी कसा? आणि जेथे एन्डोसल्फान वर्षानुवर्षे फवारले गेले त्या न्यू कॅलेडोनिया बेटावर, तर १९८० नंतरच्या दशकात, हा भुंगा त्या विषालाही पुरून उरल्याचे दिसून आले. भारतात त्या औषधाला सर्वोच्च न्यायालयानेच २०११ साली बंदी घातली.

भारतात हा भुंगा प्रथम आढळला तो १९९० साली, निलगिरी जिल्ह्यातील गुडलूर भागात. तेथून तो वायनाड आणि कोडगूत पसरला. या वेळी वैऱ्याच्या ओळखीविषयी संशय नव्हता आणि त्याचे माहेरही ठाऊक होते. सेफॅलोनोमिया ही मूळची पश्चिम आफ्रिकेतील माशी लॅटिन अमेरिकेत पूर्वीच नेलेली होती; ती १९९५ साली मेक्सिकोतून भारतात आणण्यात आली. चिकमगळूर जिल्ह्यातील बाळेहोन्नूर येथे १९२५ पासून कॉफी संशोधन केंद्र आहे. तेथील शास्त्रज्ञांनी तिच्या पैदाशीचे आणि प्रसाराचे काम हाती घेतले. ही माशी भुंग्याने पाडलेल्या भोकातूनच फळात शिरते, त्याची अंडी खाते आणि अळ्या-कोशांवर आपली अंडी घालते. पुढे कोलंबियातून आणलेली फायमॅस्टिकस ही दुसरी माशी त्याहून चतुर. फळ पोखरण्यात गुंतलेल्या मादीलाच ती गाठते.

एवढे असूनही केनियातील पिठ्या ढेकणासारखा निर्णायक विजय येथे लाभला नाही. पिठ्या ढेकूण उघड्यावर बसतो, भुंगा किल्ल्यात राहतो. शिवाय माश्यांची पैदास करावयाची तर आधी भुंग्यांनी भरलेली फळे हवीत, त्यामुळे खर्च वाढतो. आणि दरवर्षी कॉफी तोडली, म्हणजे भुंग्याबरोबर माशीचेही घर मोडते. म्हणून येथे मित्रकीटकाला एकाकी लढावयास लावून चालत नाही. ब्यूव्हेरिया नावाची बुरशी दमट हवेत भुंग्याला रोग जडविते, तिची जोड द्यावी लागते. आणि सर्वांत मोठी जोड माणसाच्या हातांची. तोडणीच्या वेळी झाडाखाली चटया अंथरावयाच्या, झाडावर एकही फळ मागे ठेवावयाचे नाही, भुईवर पडलेले दाणे वेचून काढावयाचे. कारण पुढच्या हंगामाचा भुंगा याच सांडलेल्या फळांत पावसाळ्याची वाट पाहत बसलेला असतो. काम कंटाळवाणे आहे, मजूर मिळणे दुर्मीळ झाले आहे. तथापि याला पर्याय नाही.

दुसरी एक जोड फुकट मिळते, तिच्याकडे मात्र पुष्कळदा दुर्लक्ष होते. ती म्हणजे सावली देणारी झाडे आणि त्यांवरील पाखरे. कोस्टा रिकामधील मळ्यांत शास्त्रज्ञांनी काही झुडुपांवर जाळी टाकून पाखरांना दूर ठेवले आणि काही उघडी ठेवली. पाखरांचा वावर असलेल्या झुडुपांवर फळ पोखरणाऱ्या भुंग्याचा उपद्रव सुमारे निम्म्याने कमी भरला. २०१३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भारतातील अरबिका कॉफीचा दुसरा मोठा वैरी, खोड पोखरणारा पांढरा भुंगा, यालाही सावली मानवत नाही. उन्हात उघड्या पडलेल्या खोडांवर तो अधिक अंडी घालतो. त्याच्यावर भरवशाचा मित्रकीटक अद्याप मिळालेला नाही. लागलेले झाड शोधून उपटावयाचे आणि जाळून टाकावयाचे, हाच आज उपाय आहे. अशा वेळी जादा पिकाच्या आशेने सावलीची झाडे तोडणे, म्हणजे वैऱ्यासाठी वेशीचा दरवाजा उघडून ठेवणेच होय.

परदेशातून जीव आणावयाचा म्हटले, की एक रास्त भय मनात येते. आणलेला मित्रच उद्या वैरी झाला तर? हे भय निराधार नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये उसावरील भुंगेरे खाण्यासाठी १९३५ साली मोठे विषारी बेडूक सोडण्यात आले. त्यांनी भुंगेरे खाल्ले नाहीत. मिळेल ते खाल्ले आणि आज ते तेथील वन्य जीवांच्या मुळावर आले आहेत. बेडूक काहीही खातो, ढेकणाची माशी विशिष्ट ढेकूणच खाते, हा भेद निवडीच्या वेळीच पाहावयाचा असतो. म्हणूनच बाहेरून आलेला कीटक प्रथम बंदिस्त प्रयोगशाळेत ठेवून, तो दुसऱ्या उपयुक्त जीवांना धक्का लावीत नाही याची परीक्षा झाल्यानंतरच शेतात सोडण्याची पद्धत पडली आहे. या परीक्षेस वेळ लागतो; परंतु तो वेळ वाया गेला असे कोणी म्हणू नये.

भारतातील कॉफी उत्पादकांपैकी शंभरात नव्वदांहून अधिक जण लहान बागायतदार आहेत. कॉफीचा भाव दूरच्या बाजारपेठांत ठरतो, औषधाचा भाव दुकानदार ठरवितो आणि पाऊस कोणाच्याच हाती नसतो. अशा माणसाला जे बळ उसने आणावे लागत नाही, दरवर्षी विकत घ्यावे लागत नाही, ते मोलाचे. मात्र ते डोळस माणसालाच लाभते. फांदीवर पांढरा पुंजका दिसताच पंपाकडे धाव न घेता, तो ढेकूण आहे की ढेकूण खाणारी अळी आहे हे क्षणभर थांबून पाहावे. फुगलेल्या तपकिरी ढेकणावर भोक दिसले, तर येथे माशी येऊन गेली आहे हे ओळखावे आणि ती फांदी तशीच राखावी. केनियाला पंधरा वर्षे आणि एका चुकीच्या नावापायी सारी पायपीट सोसून जे कळले, ते कोडगूच्या बागायतदाराला एका भिंगाने आणि थोड्या सबुरीने कळू शकते.